गायकाची परीक्षा आणि गाण्याची परीक्षा

दूरचित्रवाणीवरील गानस्पर्धा आणि त्यांतून पुढे आलेल्या गायकांची लोकप्रिय पाश्चात्त्य गीते हा विषय वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठाला शोभेल काय, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात आली असल्यास आम्ही त्यांना दोष देणार नाही. इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह, सनदा आणि शिलालेख ह्यांची आपल्याला सवय झाली आहे. परंतु सामान्य माणसाने आपला घटकाभराचा विरंगुळा कशात शोधला, कोणते गाणे त्याच्या ओठांवर राहिले आणि कोणते वर्षभरात विरून गेले, हाही इतिहासच होय. शिवाय ह्या विषयात एक प्रश्न दडलेला आहे. लोकांचा कौल आणि लोकांची आवड ह्या दोन गोष्टी एकच आहेत काय? लाखो माणसांनी मते देऊन निवडलेल्या गायकाचे विजयगीत चार महिन्यांत विसरले जाते आणि त्याच गायकाचे पुढे दोन वर्षांनी आलेले दुसरेच गाणे पिढीच्या आठवणीत घर करते. असे एकदा घडले तर त्याला योगायोग म्हणता येईल. पुन्हापुन्हा घडू लागले म्हणजे त्याचे कारण शोधले पाहिजे.

गाण्याच्या जाहीर सामन्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. कलगीवाले आणि तुरेवाले समोरासमोर फड लावून बसत, सवालावर सवाल घालीत आणि रात्र सरून पहाट होई तरी लोक उठत नसत. कोणी कोणाला निरुत्तर केले ह्याची चर्चा गावात पुढे कैक दिवस चाले. आज त्या फडांतला कोणता सामना कोणी जिंकला, हे कोणी विचारीत नाही. उरली आहे ती होनाजी बाळाची भूपाळी. १९५१ साली व्ही. शांताराम ह्यांनी ‘अमर भूपाळी’ हा चित्रपट काढला तोही त्या गीताच्या नावाने, कोणा फडाच्या नावाने नव्हे. हे ध्यानात ठेवून आपण अमेरिकेकडे आणि इंग्लंडकडे वळू.

प्रथम ‘पॉप’ म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. आपल्याकडे तबकडीच्या साडेतीन मिनिटांच्या मर्यादेत भावगीत फुलले; तशाच मर्यादेत तिकडे हे लोकप्रिय गीत वाढले. त्याचा कवी बहुधा एक, चाल देणारा दुसरा, वाद्यमेळ रचून ध्वनिमुद्रण सांभाळणारा तिसरा आणि गाणारा चौथा असतो. श्रोत्याला दिसतो तो मात्र चौथाच. स्पर्धेत परीक्षा होते तीही त्याचीच. आमचे आजचे सारे विवेचन ह्या एका गोष्टीवर उभे आहे.

ह्या स्पर्धांचा उगम दूरचित्रवाणीच्या आधीचा, नभोवाणीवरचा आहे. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात अमेरिकेत मेजर एडवर्ड बोज नावाच्या गृहस्थाने हौशी कलावंतांचा एक कार्यक्रम चालविला. गाणारा पसंत न पडला की मेजरसाहेब घंटेवर टोला हाणीत आणि बिचाऱ्याचे गाणे तिथेच संपे. ह्याच कार्यक्रमात १९३५ साली न्यू जर्सीतील चार तरुणांची एक टोळी गाऊन जिंकली. त्या चौघांत फ्रँक सिनात्रा होता. बोज १९४६ साली वारला, त्याचा वारसा टेड मॅक ह्याने घेतला आणि १९४८ पासून हा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर दिसू लागला.

टेड मॅकच्या ह्या कार्यक्रमात १९५२ साली जॉर्जिया संस्थानातील अटलांटा शहरची ग्लॅडिस नाइट नावाची एक कृष्णवर्णी मुलगी जिंकली. वय अवघे सात-आठ वर्षांचे. पुढे तिने आपल्या नात्यागोत्यातील मुलांसह ‘पिप्स’ हा गायकमेळ बांधला आणि वर्षानुवर्षे गावोगाव कार्यक्रम केले. तिचे सर्वांत लाडके गाणे आले ते १९७३ साली, म्हणजे त्या विजयानंतर तब्बल २१ वर्षांनी. ‘मिडनाइट ट्रेन टू जॉर्जिया’ हे ते गीत होय.

ह्या गीताचा प्रवास ऐकण्यासारखा आहे. जिम वेदर्ली हा त्याचा कर्ता. फॅरा फॉसेट ही नटी दूरध्वनीवर त्याला सहज बोलून गेली की आपण मध्यरात्रीच्या विमानाने ह्यूस्टनला माहेरच्या माणसांना भेटायला निघालो आहोत. तेवढ्यावरून त्याने गाणे रचले आणि त्यात मध्यरात्रीचे विमान व ह्यूस्टन शहर हेच घातले. नंतर ते सिसी ह्यूस्टन ह्या गायिकेकडे गेले. तिच्या ध्वनिमुद्रणात विमानाची आगगाडी झाली आणि ह्यूस्टनचे जॉर्जिया झाले. आणि शेवटी ते जिच्याकडे आले ती ग्लॅडिस नाइट जन्माने जॉर्जियाचीच! मोठ्या शहरात नशीब काढायला गेलेला माणूस हरून गावाकडे परत निघतो आणि त्याच्यावर प्रेम करणारी स्त्री त्याच्याबरोबर निघते, एवढेच त्या गाण्यात आहे. त्याने अमेरिकेच्या खपाच्या तक्त्यात पहिले स्थान मिळविले आणि १९७४ साली ग्रॅमी पारितोषिकही घेतले. सात वर्षांच्या मुलीला हे गाणे देऊन काय उपयोग झाला असता? ते पेलायला मध्ये २१ वर्षांचा अनुभव जावा लागला.

त्याच काळात आर्थर गॉडफ्री ह्याचा ‘टॅलंट स्काउट्स’ हा दुसरा कार्यक्रम गाजत होता. तिथे निकाल लावी एक यंत्र. प्रेक्षकांच्या टाळ्यांचा आवाज मोजून ते विजेता ठरवी. ह्या कार्यक्रमाच्या प्राथमिक चाचणीत १९५५ साली एल्व्हिस प्रेस्ली नापास झाला, ही गोष्ट परीक्षकांना कायमची चिकटली. पण आम्हाला इथे सांगावयाची आहे ती पॅट्सी क्लाइनची गोष्ट, कारण ती आमच्या म्हणण्याला वरवर छेद देणारी आहे.

पॅट्सी क्लाइन ही व्हर्जिनियाकडची गायिका. २१ जानेवारी १९५७ रोजी ती गॉडफ्रीच्या मंचावर उभी राहिली. आईने शिवून दिलेला खेडवळ थाटाचा पोशाख तिला घालावयाचा होता, पण चालकांनी तिला शहरी झगा घालावयास लावले. गाणेही तिच्या पसंतीचे दुसरेच होते. चालकांनी आग्रह धरला तो ‘वॉकिन आफ्टर मिडनाइट’ ह्या गीताचा. हे गीत मुळात के स्टार ह्या वेगळ्याच गायिकेसाठी लिहिलेले, आणि पॅट्सीला ते प्रथम मुळीच आवडले नव्हते. तिने ते गायिले, टाळ्यांचा काटा वर चढला आणि ती जिंकली. थोड्याच दिवसांत तबकडी निघाली. ग्रामीण गीतांच्या तक्त्यात ती दुसऱ्या आणि सर्वसाधारण तक्त्यात बाराव्या स्थानापर्यंत चढली. १९६३ च्या मार्च महिन्यात विमान कोसळून पॅट्सी गेली, तेव्हा तिचे वय फक्त ३० वर्षांचे होते. ते गाणे मात्र अजून ऐकले जाते.

म्हणजे इथे स्पर्धेत गायिलेले गाणेच चिरंजीव झाले. मग आमचे म्हणणे खोटे ठरले काय? तसे आम्हाला वाटत नाही. त्या रात्री श्रोत्यांपुढे दोन गोष्टी एकदमच ठेवल्या गेल्या, एक नवी गायिका आणि एक नवे गाणे. टाळ्या पडल्या त्या दोहोंच्या जोडीला. गाणे पारखले गेले, गायिकाही पारखली गेली. पुढच्या काळातील स्पर्धांत नेमकी हीच गोष्ट नाहीशी झाली.

आता इंग्लंडकडे येऊ. तिथे ह्यूई ग्रीन ह्याचा ‘ऑपॉर्च्युनिटी नॉक्स’ हा कार्यक्रम आधी नभोवाणीवर आणि मग दूरचित्रवाणीवर बराच काळ चालला. तिथेही टाळ्या मोजणारे यंत्र होते, पण ते गमतीपुरते. खरा निकाल लागे तो प्रेक्षकांनी पाठविलेल्या पोस्टकार्डांवर. १९६८ साली वेल्स प्रांतातल्या पाँटारडावे ह्या लहानशा गावची मेरी हॉपकिन नावाची १८ वर्षांची मुलगी त्यात गायिली. ट्विगी ह्या प्रसिद्ध तरुणीने ते पाहिले आणि पॉल मॅकार्टनीच्या कानावर घातले. बीटल्स मंडळींनी नुकतीच ‘ॲपल’ नावाची ध्वनिमुद्रण कंपनी काढली होती. मॅकार्टनीने त्या मुलीला बोलावून घेतले आणि तिला गाणे दिले ‘दोज वेअर द डेज’.

हे गाणेही कुठून कुठे आले पाहा. चाल बोरिस फोमीन ह्या रशियन संगीतकाराच्या एका जुन्या प्रणयगीताची. तिच्यावर इंग्रजी शब्द बसविले ते जीन रास्किन ह्या अमेरिकन गृहस्थाने; हा व्यवसायाने वास्तुशिल्पी. तो आणि त्याची पत्नी लंडनच्या एका क्लबात ते गात असताना मॅकार्टनीने ऐकले होते. ‘लाइमलाइटर्स’ ह्या अमेरिकन मेळाने ते आधीच मुद्रित केलेही होते, पण म्हणावे तसे गाजले नव्हते. तारुण्याच्या दिवसांची मैफल आता संपली, अशी हुरहुर लावणारे ते गीत एका १८ वर्षांच्या मुलीच्या निर्मळ आवाजात आले आणि त्याला अर्थच वेगळा प्राप्त झाला. ऑगस्ट १९६८ च्या अखेरीस तबकडी निघाली. खुद्द बीटल्सच्या ‘हे ज्यूड’ ह्या गीताला बाजूला सारून तिने इंग्लंडात पहिले स्थान घेतले आणि सहा आठवडे राखले. अमेरिकेत मात्र त्याच ‘हे ज्यूड’ने तिला दुसऱ्या स्थानावर रोखले. मालकाच्या आणि मालकाने पुढे आणलेल्या मुलीच्या तबकड्यांचा हा सामना मोठा मजेचा आहे.

येथवरचा काळ पोस्टकार्डांचा. स्पर्धा माणूस दाखवून देई आणि तिथेच तिचे काम संपे. पुढचे गाणे शोधावयाचे काम जाणत्यांचे असे. १९९९ नंतर हा क्रम बदलला. न्यूझीलंडात त्या साली ‘पॉपस्टार्स’ नावाचा कार्यक्रम निघाला. त्यात मुलींची निवड, तालीम, रडणे-हसणे, तबकडीचे मुद्रण हे सारे प्रेक्षकांना दाखविले गेले आणि अखेरीस ‘ट्रूब्लिस’ हा मेळ बाजारात आणला गेला. ही कल्पना ऑस्ट्रेलियात गेली, तिथून इंग्लंडात आली. २००१ साली इंग्लंडात ह्या रीतीने ‘हिअरसे’ हा पाच जणांचा मेळ घडविला गेला. त्यांच्या पहिल्या गीताच्या पहिल्याच आठवड्यात पाच लाखांहून अधिक प्रती खपल्या. आणि २००२ च्या ऑक्टोबरात मेळ मोडला! वर चढायला एक आठवडा लागला आणि संपायला दीड वर्ष पुरले. ज्या लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले होते, त्यांपैकीच अनेकांनी पुढे त्यांची टवाळी केली.

त्याच सुमारास सायमन फुलर ह्या व्यवस्थापकाने ‘पॉप आयडॉल’ हा कार्यक्रम आणला. इथे निवड थेट जनतेच्या हाती, दूरध्वनीच्या मतांनी. ९ फेब्रुवारी २००२ रोजी अंतिम फेरी झाली. सुमारे ८७ लाख मते पडली. विल यंग ह्याला ४६ लाख आणि गॅरेथ गेट्स ह्याला ४१ लाख. विजेत्याची तबकडी लगेच निघाली आणि पहिल्या आठवड्यात तिच्या ११ लाखांवर प्रती गेल्या. इंग्लंडात त्या दशकात सर्वांत अधिक खपलेली एकेरी तबकडी हीच.

आता ही तबकडी इतक्या झटपट कशी निघाली? उत्तर सोपे आहे. निकाल लागण्याआधीच ती तयार होती. दोघाही स्पर्धकांकडून तीच गीते मुद्रित करून घेतलेली होती. जो जिंकेल त्याची प्रत बाजारात जावयाची. त्यांतील ‘एव्हरग्रीन’ हे गीत तर वेस्टलाइफ ह्या मेळाने आदल्याच वर्षी गायिलेले. कोणीही जिंकला तरी चालेल असे गीत ज्याला लिहावयाचे, तो काय लिहिणार? स्वप्न साकार झाले, सारे शक्य आहे, हा क्षण अमर राहो, असेच काहीतरी सर्वांना लागू पडणारे. नवरदेव ठरण्याआधी शिवलेला अंगरखा कोणाच्याही अंगाला येतो खरा, पण कोणालाच नीट बसत नाही.

हीच रीत अमेरिकेत गेली. ४ सप्टेंबर २००२ रोजी ‘अमेरिकन आयडॉल’ची पहिली विजेती ठरली ती टेक्सासमधील बर्लसन गावची केली क्लार्कसन. तिच्यासाठी, किंवा खरे म्हणजे जो जिंकेल त्याच्यासाठी, तयार असलेले गीत होते ‘अ मोमेंट लाइक धिस’. हरलेल्या स्पर्धकानेही ते मुद्रित केलेले होतेच. ते अमेरिकेच्या तक्त्यात ५२ व्या स्थानावरून एका उडीत पहिल्या स्थानावर गेले. असा विक्रम तोवर झाला नव्हता. ह्या गीताचा एक कर्ता होता युर्गन एलोफसन नावाचा स्वीडिश संगीतकार. लंडनच्या विजेत्याचे ‘एव्हरग्रीन’ही दोन सहकाऱ्यांसह त्यानेच रचलेले. म्हणजे दोन देशांनी आपापले गायक कोट्यवधी मते मोजून निवडले आणि दोघांच्याही तोंडी गीत आले ते एकाच कारागिराच्या हातचे!

आणि चार वर्षांनी तर कमालच झाली. २००६ साली इंग्लंडच्या ‘एक्स फॅक्टर’ ह्या स्पर्धेत लिओना लुईस ही लंडनची मुलगी जिंकली. तिचे विजयगीत म्हणून तिला दिले गेले ते हेच ‘अ मोमेंट लाइक धिस’. एकाच शेल्यावर दोन वधू बोहल्यावर चढल्या.

आता श्रोत्यांनी विचार करावा. ह्या तिघांची कोणती गाणी लोकांना प्रिय झाली? विल यंगचे नाव निघाले की जाणते रसिक २००३ सालचे ‘लीव्ह राइट नाऊ’ हे गीत आठवतात. एग व्हाइट ह्याने रचलेले ते शांत गीत आहे. प्रेमात अधिक गुंतण्यापूर्वी आताच निघून जावे, असे स्वतःला समजाविणाऱ्या माणसाचे. विल यंगचा आवाज मुळात हळवा, किंचित आवरलेला. ह्या गीताला तो शोभला, आणि गीतरचनेसाठी दिले जाणारे आयव्हर नोव्हेलो पारितोषिकही त्याला मिळाले.

केली क्लार्कसनचे नाव घेतले की लोक २००४ सालचे ‘सिन्स यू बीन गॉन’ हे गीत सांगतात. तिला सोडून गेलेल्या प्रियकराला ती त्यात म्हणते की तू गेलास आणि मला मोकळा श्वास घेता आला. मॅक्स मार्टिन आणि लुकाश गॉटवाल्ड हे त्याचे कर्ते. हे गीत आधी इतर गायिकांपुढे ठेवले गेले होते आणि तिकडून परत आले होते. अमेरिकेच्या तक्त्यात त्याला पहिले स्थान मिळालेच नाही; ते दुसऱ्यावरच थांबले. पण २००६ साली ग्रॅमी मिळाले ते ह्या गीताच्या गायनाला. विक्रमी उडी घेणारे गीत मागे पडले आणि दुसऱ्या क्रमांकाचे गीत पुढे गेले. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०११ साली तिने ‘स्ट्राँगर’ हे गीत गायिले. संकटाने माणूस मोडत नाही, उलट बळकट होतो, असा त्याचा आशय. तेही अतिशय लोकप्रिय झाले. त्याच्या कर्त्यांतही युर्गन एलोफसन आहे. कारागीर तोच, गायिकाही तीच. मग दोष कारागिराच्या हाताचा म्हणता येईल काय? दोष होता तो रीतीचा.

आणि लिओना लुईस? तिचे गाणे ‘ब्लीडिंग लव्ह’, साल २००७. रायन टेडर आणि जेसी मॅकार्टनी ह्या दोघांनी ते रचले, आणि मुळात मॅकार्टनी स्वतःच ते गाणार होता. ते लिओनाकडे आले, तिने इंग्लंडात सात आठवडे पहिले स्थान राखले, आणि २००८ साली अमेरिकेतही पहिले स्थान घेतले. इंग्लंडच्या एकट्या गायिकेला तो मान १९८७ नंतर प्रथमच मिळाला.

श्रोतेहो, इथे एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. ही बरीचशी गाणी भटकत भटकत आलेली आहेत. विमानाची आगगाडी होत आलेले एक, रशियाहून लंडनला आलेले दुसरे, दुसरीसाठी लिहिलेले तिसरे, नाकारले गेलेले चौथे, कवीने स्वतःसाठी राखलेले पाचवे. २००२ सालच्या ‘पॉपस्टार्स : द रायव्हल्स’ ह्या स्पर्धेतून निघालेल्या ‘गर्ल्स अलाउड’ ह्या पाच मुलींचे पहिले गाणे ‘साउंड ऑफ द अंडरग्राउंड’ हेही आधी वेगळ्याच मुलींच्या मेळाने मुद्रित केलेले होते. त्या साली ह्या मुलींचा सामना त्याच स्पर्धेतल्या मुलांच्या मेळाशी लावला होता. नाताळात मुलींचे गाणे पहिले आले, मुलांचे दुसरे. मुलांचा मेळ पुढल्याच वर्षी संपला आणि मुलींचा दहा वर्षे टिकला. कारण त्यांना असे रचनाकार लाभले की ज्यांनी दरवेळी नवे काही करून पाहिले आणि मुलींनी ते पेलले.

म्हणजे गाण्यालाही एक परीक्षा द्यावी लागते. ती आपल्याला दिसत नाही. तिला दिवे नाहीत, सूत्रधार नाही, मते नाहीत. एका हातातून दुसऱ्या हातात जात, नापसंत होत, शब्द बदलत, एखादे गाणे शेवटी आपल्या आवाजापाशी येऊन थांबते. विजयगीताला ही परीक्षा देण्याची सवडच मिळत नाही. ते वशिल्याच्या उमेदवारासारखे थेट खुर्चीवर बसते, आणि म्हणून खुर्ची गेली की तेही जाते. आमच्या मते ह्या साऱ्या इतिहासाचे सार एवढेच आहे.

ह्यावर कोणी म्हणेल, मग लोकांचा कौल खोटा समजावयाचा काय? मुळीच नाही. विल यंग, केली, लिओना हे तिघेही पुढे आपल्या गुणांवर टिकले. लोकांनी माणसे बरोबर निवडली. लोकांना प्रश्न विचारला गेला होता तो ‘कोण?’ एवढाच. ‘काय?’ हे त्यांना कोणी विचारलेच नव्हते. आणि ‘कोण?’ ह्या प्रश्नाचेही लोकांनी दिलेले उत्तर नेहमीच शेवटचे नसते. २००४ साली अमेरिकेत सातव्या क्रमांकावर बाद झालेली जेनिफर हडसन ‘ड्रीमगर्ल्स’ ह्या चित्रपटातील कामासाठी २००७ साली ऑस्कर घेऊन गेली. २०१० साली इंग्लंडात एकेकटे येऊन नापसंत ठरलेले पाच मुलगे एकत्र बांधले गेले आणि तिसरे आले. त्या ‘वन डायरेक्शन’ मेळाचे २०११ सालचे ‘व्हॉट मेक्स यू ब्यूटिफुल’ जगभरच्या मुलींच्या तोंडी झाले. हे गाणे काही भटकत आलेले नव्हते. पण निकालाची रात्र उलटून गेल्यावर, त्या पाच कोवळ्या आवाजांकडे पाहून ते निवडले गेले होते, एवढा फरक पुरेसा आहे.

कधीकधी तर लोकांनी स्वतःच ह्या रीतीविरुद्ध बंड केले. नाताळच्या आठवड्यात तक्त्यात पहिले कोण, ह्याची इंग्लंडात मोठी हौस. २००५ ते २००८ अशी सलग चार वर्षे तो मान ‘एक्स फॅक्टर’च्या विजेत्यालाच गेला. चुरसच उरली नाही. २००९ साली एका दांपत्याने लोकांना आवाहन केले की १९९२ सालचे एक कर्कश बंडखोर गीत सर्वांनी मिळून विकत घ्यावे आणि ही मिरासदारी मोडावी. लोकांनी ते मनावर घेतले आणि ‘रेज अगेन्स्ट द मशीन’ ह्या मेळाचे ते गीत पहिले आले. त्या वर्षीचा विजेता जो मॅकेल्डरी हा कोवळा तरुण दुसरा आला. त्याचा बिचाऱ्याचा अपराध काय? काहीच नाही. राग होता तो ठरल्या मुहूर्तावर ठरले गाणे लोकांच्या गळी उतरविण्याचा.

आणि इथेच ह्या करमणुकीची दुसरी बाजू दिसते. ह्या स्पर्धांत उतरणारी मुले सोळा-अठरा वर्षांची असतात. त्यांना एका रात्रीत सारे मिळते आणि पुष्कळांचे सारे दुसऱ्या हंगामाच्या आत जाते. ज्यांचे टिकले त्यांनाही त्याची किंमत द्यावी लागली. ‘वन डायरेक्शन’मधील लिअम पेन हा पहिल्यांदा स्पर्धेत उतरला तो २००८ साली, वयाच्या १४ व्या वर्षी, २०२४ च्या ऑक्टोबरात ३१ व्या वर्षी तो गेला, तेव्हा इतक्या लहान वयात मुलांना ह्या झोतात उभे करावे काय, असा प्रश्न इंग्लंडात पुन्हा गंभीरपणे विचारला गेला.

हा वारा आपल्याकडेही आला, हे सांगावयास नकोच. झी वाहिनीवर १९९५ साली ‘सा रे ग म’ सुरू झाले होते. परंतु सायमन फुलरच्या घराण्यातली स्पर्धा ‘इंडियन आयडॉल’ ह्या नावाने इथे आली ती २००४ साली, आणि तिचा पहिला विजेता मार्च २००५ मध्ये ठरला तो मुंबईचा अभिजीत सावंत. त्याचा पहिला गीतसंग्रह त्याच वर्षी निघाला, आणि त्यातील ‘मोहब्बतें लुटाऊंगा’ हे गीत तेव्हा रिक्षापासून लग्नाच्या मांडवापर्यंत सर्वत्र वाजत होते. त्याच २००५ साली ‘फेम गुरुकुल’ ह्या दुसऱ्या स्पर्धेतून एक बंगाली तरुण विजय न मिळविता बाहेर पडला. त्याने पुढे काही वर्षे संगीतकारांच्या हाताखाली पडेल ते काम केले, आणि २०१३ साली ‘तुम ही हो’ ह्या गीताने तो घरोघरी पोहोचला. तो अरिजित सिंग. ग्लॅडिस नाइटला २१ वर्षे लागली, ह्याला आठ.

महाराष्ट्रात तर २००८-०९ साली मराठी ‘सा रे ग म प’च्या लहान मुलांच्या स्पर्धेने घराघरांतील जेवणाच्या वेळा बदलल्या होत्या. कार्तिकी गायकवाड जिंकली तेव्हा गावोगाव जो आनंद झाला तो खरा होता. त्या मुलांना आपण किती मते दिली, ह्याचा हिशेब आपण ठेवला. पण ती मोठी झाल्यावर त्यांच्या नव्या गाण्यांपैकी किती ऐकली, ह्याचा हिशेब कोणी ठेवला आहे काय? हा प्रश्न आम्ही दोष देण्यासाठी विचारीत नाही. ह्या सभागृहात बसलेल्या अनेकांची मुले, नाती, भाचे आज गाणे शिकत आहेत, उद्या कोणत्या ना कोणत्या मंचावर उभे राहतील, आणि त्यांतील बहुतेक हरणार आहेत. दहा हजारांत एक जिंकतो, हे ह्या खेळाचे गणितच आहे.

त्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना हा इतिहास काय सांगतो? निकाल म्हणजे गाणे नव्हे. जिंकलेल्याने गळ्यात पडलेल्या गीतावर समाधान मानू नये. आपल्या आवाजाचे गाणे शोधावे, वाट पाहावी लागली तर पाहावी. हरलेल्याने आपली परीक्षा संपली असे समजू नये. आणि श्रोत्यांनी? श्रोत्यांनी मत द्यावे, हौसेने द्यावे. पण मत दिल्यावर कान बंद करू नयेत. गाणे चांगले की वाईट ह्याचा निकाल एका रात्रीत लागत नाही. तो तुम्ही-आम्ही स्वयंपाक करताना, प्रवासात, रात्री दिवा मालवल्यावर, वर्षानुवर्षे गुणगुणून लावीत असतो. त्या निकालासाठी कोणाला दूरध्वनी करावा लागत नाही, आणि तो फिरविण्याचे सामर्थ्य कोणत्याही वाहिनीत नाही.